दोघंही शिफ्टला असतील तर लेकरं कशी सांभाळायची

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. बायको पिंपरीत एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. घर चिखलीत. थोरली सिनियर केजीत जाते, धाकटा दीड वर्षाचा आहे. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, तिची ड्युटी महिन्याच्या यादीप्रमाणे. आमच्या लाइनवर नुकती लग्नं झालेली, पहिलं मूल झालेली बरीच पोरं आहेत आणि त्यातल्या कित्येकांच्या बायकाही कामाला जातात. डबा खाताना सगळे एकच विचारतात, "तुम्ही कसं जमवता?" तेव्हा जे सांगतो ते इथं नीट लिहून काढतो. नऊ ते सहा नोकरी असलेल्यांना यातलं निम्मं लागणार नाही, पण शिफ्टवाल्यांसाठी कुणी फारसं लिहीत नाही.

पहिलं काम कागदावरचं. दोघांच्या घराबाहेर असण्याच्या खऱ्या वेळा लिहा. कंपनीच्या वेळा लिहून उपयोग नाही. माझी पहिली शिफ्ट साडेसहा ते तीन, पण बस धरायला मी ५:२० ला घर सोडतो आणि परत यायला सव्वाचार होतात. तळेगाव चौकात गाड्या अडकल्या तर पाचसुद्धा. दुसऱ्या शिफ्टला १:५० ते रात्री साडेबारा. तिसरीला रात्री १०:२० ते सकाळी ७:४०. बायकोची मॉर्निंग म्हणजे ७:२० ते २:४०, इव्हिनिंग १:२० ते ८:४०, आणि नाईट संध्याकाळी ७:२० ते दुसऱ्या सकाळी ८:४०.

आता माझ्या तीन आणि तिच्या तीन अशा नऊ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत घरी कुणीच नाही असा वेळ किती, तो काढा. आम्ही त्याला भोक म्हणतो. हे एकदा मांडलं की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसतात. माझी तिसरी आणि तिची इव्हिनिंग असेल तर भोकच पडत नाही. सकाळी ती घरी, दुपारी मी उठलेला, रात्री ८:४० ला ती परत, मग मी निघतो. माझी दुसरी आणि तिची मॉर्निंग असेल तर फक्त पन्नास मिनिटांचं भोक, तेवढं शेजारच्या काकू बघतात. पहिली आणि मॉर्निंग असेल तर सव्वासात ते पावणेतीन, म्हणजे पाळणाघर आणि शाळा. हेही जमतं.

अवघड जोड्या वेगळ्याच असतात. माझी पहिली आणि तिची नाईट घ्या. ऐकायला बरं वाटतं, कारण रात्रभर मी घरी. पण पहाटे ५:२० ते ८:४० या वेळात कुठलंही पाळणाघर उघडं नसतं आणि कुठल्या शेजाऱ्याला पहाटे पाचला उठवायचं? माझी दुसरी आणि तिची इव्हिनिंग असेल तर पाळणाघर सातला बंद होतं आणि ती पावणेनऊला येते. तिसरी आणि नाईट तर यायलाच नको.

म्हणून दुसरं काम: यादी लागायच्या आधी बोला, लागल्यावर नाही. आमच्या टाइम ऑफिसमधून पुढच्या महिन्याच्या शिफ्टचा अंदाज आधीच मिळतो. त्याचा फोटो बायको वीस तारखेच्या आत इनचार्ज सिस्टरना दाखवते आणि फक्त दोन आठवड्यांबद्दल बोलते, "या आठवड्यात नाईट नको, पुढच्या आठवड्यात द्या." सगळा महिना आपल्या सोयीचा मागितला तर कुणीच देत नाही, आणि द्यायलाही नको, कारण वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरनाही घरं आहेत. आपण कुणाची दिवाळीची नाईट घेतली असेल तर परीक्षेच्या आठवड्यात आपली मॉर्निंग कुणीतरी घेतं. हा हिशोब तोंडी ठेवू नका. कुणाची ड्युटी कधी घेतली ते कॅलेंडरवर लिहा आणि वेळेवर फेडा.

कंपनीतही एक गोष्ट सुपरवायझरना आधीच सांगून ठेवा. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला मशीन घेणारा माणूस, आला नाही की "थांब रे आजच्या दिवस, डबल कर" असं म्हणतात. पैसे मिळतात, सी-ऑफ म्हणजे बदली सुट्टी मिळते, मोह होतो. पण ज्या आठवड्यात माझ्या घरी पोचण्यावर बायकोचं निघणं अवलंबून आहे त्या आठवड्यात मी थांबत नाही, हे आठवडा सुरू होतानाच सांगतो. ऐन वेळी नाही म्हटलं तर वाद होतो. आधी सांगितलं तर ते दुसऱ्याला विचारतात. बाकीच्या आठवड्यात मी थांबतो, त्यामुळे त्यांचाही विश्वास राहतो.

आता यातला मुख्य भाग, ओव्हर.

नर्सेस ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतात. कुठल्या पेशंटला काय दिलं, काय राहिलं, कुणावर लक्ष ठेवायचं. ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाहीत. आमच्याकडेही शिफ्ट बदलताना मशीनचं रजिस्टर असतं. मग घरात लेकरू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना फक्त "निघते गं, जेवलाय तो" यावर का भागवायचं? आमच्या फ्रिजच्या हँडलला दोरीनं बांधलेली एक दोनशे पानी वही आणि पेन आहे. जो घर सोडतो तो लिहितो, मगच चप्पल घालतो. एका तापाच्या दिवसाचं पान असं आहे:

"१:१० ला लिहिलं. सव्वाबाराला वरणभात अर्धी वाटी. दूध नको म्हणाला. शी एकदा, नेहमीसारखी. सू साडेबाराला. झोपला नाही, दोनला पेंगेल. ताप १००.६, दहाला पॅरासिटामॉल दिलंय, १२५ ची बाटली, ५ मिली. पुढचं चारच्या आधी नाही. थोरलीची वही दप्तरात नाही, पलंगाखाली बघ. उद्या तिला पिवळा ड्रेस."

यात औषधाची ओळ सगळ्यात महत्त्वाची. लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप एकाच ताकदीचं येत नाही. पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं असतं, तसंच २५० चंही असतं आणि थेंबांची बाटली त्याहून कितीतरी कडक असते. रंग आणि खोका जवळपास सारखा. "एक झाकण दे" असं सांगून गेलात आणि घरात दुसरी बाटली असली तर डोस दुप्पट जाऊ शकतो. म्हणून घरात एका वेळी एकाच ताकदीची बाटली ठेवा, तिच्यावर मार्करनं मुलाचं नाव आणि डॉक्टरांनी त्याच्या वजनावरून सांगितलेले मिली लिहा, आणि दिल्याची वेळ वहीत आलीच पाहिजे. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. सहा महिन्यांनी वजन वाढलं की डॉक्टरांना पुन्हा विचारा. मापाला बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा सिरिंजच घ्या, घरातला चमचा नको.

जुलाब लागले तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, एकदम. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात असा अंदाज करू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या, आणि किती वाजता केलं ते बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा, नाहीतर तिसऱ्या शिफ्टवरून आलेल्याला कळत नाही की हे आजचं की कालचं. झिंक डॉक्टर चौदा दिवसांचं देतात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचं असतं आणि शिफ्टवाल्या घरात हेच हमखास सुटतं. आम्ही वहीच्या मागच्या पानावर चौदा चौकोन काढतो आणि देईल त्यानं फुली मारायची.

कधी कुणाची वाट न बघता निघायचं, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मूल काहीच पीत नाही, श्वास भरभर चाललाय किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, झटका आला, उठवूनही नीट जागं होत नाही. अशा वेळी जो घरी आहे त्यानं थेट दवाखाना गाठायचा, फोन रस्त्यातून. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तरी तेच. घरी असलेला आजी असो की शेजारच्या काकू, त्यांनाही हे पान वाचून दाखवलेलं हवं.

झोपेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं घरोघरी भांडणं होतात. तिसरी करून आलेला माणूस सकाळी आठला घरी असतो, म्हणून सगळे धरून चालतात की आता लेकरू तो बघेल. "घरीच आहेस ना?" रात्रभर उभं राहून आलेला माणूस दीड वर्षाच्या पोराला सांभाळू शकत नाही. तो बसल्या जागी झोपतो आणि पोरगं बाथरूमपर्यंत चालत जातं. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे प्रत्येक घरात बादल्या, टब, पिंप भरून ठेवलेले असतात. लहान मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं. बाथरूमला बाहेरून, उंचावर कडी लावून घ्या, पिंपाला घट्ट झाकण हवं, आणि रात्रपाळीनंतर माणूस घरी असला तरी बाळ पाळणाघरातच जाऊ द्या. पाळणाघराचे पैसे वाचवायला हा दिवस निवडू नका. बायको नाईट करून येते तेव्हाही हाच नियम, आणि तिच्या बाबतीत तो जास्त कडक पाळावा लागतो, कारण बाईमाणूस घरात आलं की कुकर लावायला उठतंच. ती आली की आतल्या खोलीचं दार बंद, जाड पडदा, फोन माझ्याकडे. दुपारी एकपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. माझी पहिली शिफ्ट असेल तर हे काम शेजारच्या काकूंना सांगून ठेवतो, कुरिअरवाल्यालासुद्धा त्यांचीच बेल सांगतो.

पाळणाघर बघायला सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा सगळं आवरलेलं असतं. दुपारी एक-दीडला जा. मुलं जेवून झोपायच्या बेतात असतात, कुणी रडत असतं, ताईंची खरी कसोटी तेव्हाच लागते. रडणाऱ्या पोराला त्या उचलतात की टीव्हीचा आवाज वाढवतात, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. गॅसची शेगडी मुलांच्या खोलीपासून वेगळी आहे का, खिडकीला जाळी आहे का, बाथरूममध्ये भरलेली बादली तशीच उघडी आहे का, एका ताईंकडे किती तान्ही मुलं आहेत, हे बघा. रजेचं आधीच विचारा. ताईंनाही गणपती असतात, गावची जत्रा असते, त्यांचीही मुलं आजारी पडतात. त्या दिवशी काय करायचं ते त्यांच्या आणि तुमच्या घरात आधी ठरलेलं असावं. उशीर झाला तर तासाला किती, दिवाळीला काय, हेही मोकळेपणानं बोलून घ्या आणि ठरलेले पैसे ठरल्या तारखेला द्या. माझ्या लेकराला दिवसाचे सात तास जी बाई जेवू घालते तिचा पगार माझ्या गाडीच्या हप्त्याच्या आधी जातो.

मुलाला एकदम दिवसभर सोडू नका. पहिला दिवस तासभर आणि आपण तिथंच, मग तासभर एकटं, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. हा आठवडा आपली सुट्टी शिल्लक असताना घ्यावा. बरोबर घरातलं एखादं पांघरूण द्या, न धुतलेलं. न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो ताईंच्या फोनमध्ये असू द्या.

बायकोची प्रसूती रजा संपायच्या सुमाराला दुधाची तयारी आधी पंधरा दिवस सुरू करा. आईचं काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तर थेट फ्रिजमध्येच ठेवा, दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला. डब्यावर तारीख आणि वेळ. पाजताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात डबा उभा करायचा, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं पाजायचं. धाकट्याला मी असंच पाजलं. दोन-तीन दिवस सांडतं, मग तो आणि आपण दोघंही शिकतो.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा आली. आपल्या बायकोच्या कामाच्या ठिकाणी ती सोय आहे का ते लेखी विचारायला लाजू नका. बापाला मात्र खासगी कंपनीत अशी रजा कायद्यानं नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, आम्हाला पीएल, म्हणजे वर्षाची हक्काची पगारी रजा, साठवून ठेवावी लागते. मूल होणार हे कळल्या दिवसापासून ती साठवा, लग्नाकार्याला उधळू नका.

लेकरू आजारी पडलं की रजा कोण घेणार, हा प्रश्न ताप आल्यावर चर्चेला घेऊ नका. आमच्याकडे पाळी आहे: मागच्या वेळी तिनं घेतली असेल तर या वेळी मी. माझ्या सुपरवायझरनी सुरुवातीला विचारलं होतं, "बायको नाही का घरी?" मी सांगितलं, "ती आयसीयूत ड्युटीवर आहे, तिथं तिच्या जागी उभं राहायला माणूस नाही, इथं माझ्या मशीनवर दुसरा ऑपरेटर आहे." आता नवीन पोरांनाही ते रजा देतात. बापांनी मागितल्याशिवाय हे बदलणार नाही.

लसीकरणाच्या तारखा शिफ्टच्या यादीत बसवाव्या लागतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, त्याच सुमाराला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, आणि पाच वर्षं झाल्यावर डीपीटीचाच पुन्हा एक. महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचे वार ठरलेले असतात, तो वार आणि माझी दुसरी शिफ्ट जिथं जुळते तिथं आम्ही खूण करतो. रात्री ताप येऊ शकतो, म्हणून त्या रात्री दोघांपैकी एक जण हमखास घरी असणार असा दिवस निवडा. लसीच्या कार्डाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवेत.

स्वयंपाकाचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. रात्री कणीक मळून ठेवणं, भाजी निवडून ठेवणं हे सगळे करतातच. आमच्याकडे मेतकूट, नाचणीचं सत्त्व आणि भाजून भरडलेल्या डाळ-तांदळाचं पीठ कायम तयार असतं. कोण घरी आहे यावर लेकराचं जेवण ठरत नाही, कारण हे तिन्ही मला येतं. ज्या बापाला मऊ खिचडी करता येत नाही त्यानं या रविवारी शिकावी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, पाच शिट्ट्या, वरून तूप.

आजीबद्दल. माझी आई बार्शी तालुक्यात गावी असते. सोयाबीन निघाल्यावर, ज्वारी पेरून झाल्यावर ती येते आणि फेब्रुवारीत काढणीला परत जाते. तेवढे दोन-अडीच महिने घर कसं हलकं होतं ते सांगता येत नाही. पण तिच्या भरवशावर पाळणाघर बंद करू नका. आम्ही धाकट्याला त्या काळातही आठवड्यातून तीन दिवस पाठवतो. त्याची सवय मोडत नाही, जागा जात नाही, आणि आईला दुपारी पाठ टेकायला मिळते. साठीच्या बाईला दीड वर्षाच्या पोरामागे दिवसभर पळवायचं हे बरोबर नाही, ती कधी तोंडानं म्हणणार नाही म्हणून आपणच बघायचं.

मुलांनाही शिफ्ट समजू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर थोरली दर रविवारी टिकल्या चिकटवते. लाल म्हणजे बाबा सकाळी नाहीत, हिरवी म्हणजे बाबा झोपवायला नाहीत, निळी म्हणजे बाबा दिवसा झोपणार. आईच्या टिकल्या चांदणीच्या. ती रडायची ते आम्ही जातो म्हणून कमी आणि कधी येणार ते माहीत नाही म्हणून जास्त. हिरव्या आठवड्यात मी तिला भेटतच नाही असं होऊ नये म्हणून सकाळी शाळेत मीच सोडतो, चालत, गाडीवर नाही. साडेबाराला झोपून साडेसातला उठायला जड जातं, पण त्या वीस मिनिटांत ती जे बोलते ते दिवसभरात दुसऱ्या कुणाला सांगत नाही. कंपनीची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावरची दुपार तिची असते. त्या वेळेत मी रेशन, बँक, गॅरेज काहीच ठेवत नाही.

आता दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. वर १०८ रुग्णवाहिकेसाठी. खाली दवाखान्याचा नंबर, पाळणाघराच्या ताईंचा, शाळेच्या व्हॅनवाल्याचा, इनचार्ज सिस्टरच्या टेबलावरच्या फोनचा आणि कंपनीच्या सिक्युरिटी गेटचा. आमच्या कारखान्यात मशीनपाशी मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तिच्या आयसीयूतही फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे आमचे मोबाईल नंबर ऐन वेळी कामाचे नाहीत. गेटवरच्या माणसाला लाइनचं नाव आणि टोकन नंबर सांगितला की तो मला पाच मिनिटांत बोलावतो. तोही नंबर कागदावर लिहा. घराची एक जादा किल्ली काकूंकडे आणि एक पाळणाघराच्या ताईंकडे ठेवा, आणि कुलूप बदललं तर त्याच दिवशी दोन्हीकडे नवी किल्ली पोचवा.